वाऱ्याचा डोळा

सरळ सांगते. चूक माझी होती, आणि ती मी छापून वाटली होती.

जयपुरात वाढलेल्या मराठी माणसाला एक प्रश्न जन्मभर पुरतो: गाव कोणतं? इथल्या मानसरोवर भागात आमच्या आसपास कुणी मराठी कुटुंब बदली होऊन आलं, की चहाचं आधण ठेवायच्या आत आई हा प्रश्न विचारते. मी सोलापूर सांगते. सोलापूरला मी पाच-सहा वेळा गेले असेन, दर वेळी कुणाच्या तरी लग्नाला. बाबा बँकेत होते, बदलीवर आले आणि इथेच राहिले. मी इथे जन्मले, देवनागरी हिंदीच्या तासाला शिकले. पण गाव सोलापूर. इथल्या सगळ्याच मराठी घरांत हे असं आहे. राहतो तिथे आपलं गाव नसतं, आणि गावात आपण नसतो.

इथल्या मराठी मंडळाचा दर रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग भरतो, जवाहर नगरमध्ये, एका सभासदांच्या तळमजल्यावरच्या खोलीत. तो चालवतात एक काका. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, बनी पार्कात राहणारे. त्यांच्या वर्गाची हजेरी जगावेगळी आहे. नाव पुकारलं की ‘हजर’ म्हणायचं नाही. त्या आठवड्यात कुठे तरी सापडलेला एक शब्द सांगायचा, कोणत्याही भाषेतला चालतो. मग बाकीच्या मुलांनी एका सुरात त्या शब्दाला विचारायचं, “गाव कोणतं?” मुलं अंदाज बांधतात, भांडतात, आणि शेवटी काका आपला उशीएवढा शब्दकोश उघडून शब्दाचं गाव सांगतात. “नोकरीभर लोकांचा कायमचा पत्ता लिहून घेतला,” ते म्हणायचे, “आता शब्दांचा घेतो.”

मला ही हजेरी म्हणजे शुद्ध वेळ घालवणं वाटायची. मी कॉलेजपासून पत्रकं लिहीत आले आहे. मोडके बसथांबे, कचरा वेचणाऱ्या बायकांना न मिळणारे हातमोजे, कॉलनीच्या लिफ्टमध्ये कामवाल्या बायकांना मनाई. चार ओळींत वाचणाऱ्याचं डोकं तापलं पाहिजे, ही माझी शाळा. एक शब्द कुठून आला यावर वीस मिनिटं? आणि तोही बऱ्याचदा इंग्रजी? या पोरांच्या घरी आधीच ‘मम्मी, वॉटर बॉटल दे दो’ चाललेलं असतं, आणि मराठीच्या वर्गातही पुन्हा तेच.

काका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दोन महिने पुण्याला लेकीकडे गेले आणि वर्ग माझ्याकडे आला. मी पहिल्याच आठवड्यात पत्रक काढलं. मथळा होता, ‘इंग्रजीची गुलामी बंद!’ खाली नियम: हजेरीला फक्त मराठी शब्द. इंग्रजी शब्द आणणाऱ्यानं खिडकीजवळ उभं राहायचं आणि मराठी शब्द सापडला की बसायचं. पत्रक भिंतीवर लावलं, घरोघरी पाठवलं. पालकांनी वाहवा केली. वाहवा करणाऱ्यांतले निम्मे लोक ‘सुपर्ब’ म्हणाले, हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

वर्गात एक दहा वर्षांची मुलगी होती. वडील सैन्यात, तेव्हा सरहद्दीवर कुठे तरी. मायलेकी इथल्या लष्करी वसाहतीत राहायच्या. गाव सातारा. त्याआधी आसाम, त्याआधी झाशी. दर दोन-तीन वर्षांनी शाळा, मैत्रिणी, भाषा सगळं बदलायचं. न बदलणारी गोष्ट एकच, संध्याकाळी साताऱ्याहून येणारा आजोबांचा फोन. आजोबांना मराठीशिवाय काही येत नाही. ही निम्मं मराठी, निम्मं हिंदी-इंग्रजी बोलायची, त्यातलं अर्धं त्यांना कळायचं नाही, आणि त्यावरून दोघं हसत सुटायचे. हे मला नंतर तिच्या आईनं सांगितलं. आधी मी विचारलंच नव्हतं.

माझ्या पाचव्या रविवारी मी हजेरीला तिचं नाव घेतलं, आणि ती म्हणाली, “कॅटॅरॅक्ट.”

मी म्हणाले, हा इंग्रजी आहे, उभी राहा. ती म्हणाली, “ताई, मतलब, आजोबांना झालंय. ऑपरेशन आहे. फोनवर मी काय बोलू त्याला?”

आता जे घडलं ते लिहायला मला अजून लाज वाटते. त्या क्षणी माझ्या डोक्यात हिंदीतला ‘मोतियाबिंद’ आला. मराठीतही तोच की दुसरा कुठला, याची मला खात्री नव्हती. शाळेतल्या हिंदीवर पोसलेल्या आमच्यासारख्यांचं हे नेहमीचं आहे, दोन भाषांतले सारखे शब्द अंधारात एकमेकांवर आपटतात. मला येत नाही असं म्हणायला हवं होतं. शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य फार जड जातं. मी म्हणाले, “मराठी शब्द शोधून आण, मग बोल.” ती वर्ग संपेपर्यंत खिडकीजवळ उभी राहिली. रडली नाही. बाहेर बघत राहिली.

पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग तिच्या आईचा फोन आला. बाई आवाज न चढवता बोलत होत्या, त्यामुळे जास्त लागलं. आजोबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणतात आता थांबू नका. आजोबा भित्रे. नातीशी बोलल्याशिवाय मी आत जाणार नाही म्हणतात. दोनदा तारीख पुढे ढकलली. आणि नात रोज संध्याकाळी फोन कानाला लावते आणि गप्प बसते. हूं म्हणत नाही, उंहूं म्हणत नाही. का, विचारलं तर म्हणते, माझे शब्द चुकीचे आहेत.

“ताई, रागावू नका,” त्या म्हणाल्या, “पण मी पोरीला मराठी बोलायला पाठवलं होतं. तुम्ही गप्प बसायला शिकवलं.”

येत्या गुरुवारची तारीख मिळाली होती. ही चुकली तर डॉक्टर महिनाभर बाहेरगावी.

मी काय केलं असेल? चिडले. आधी त्या बाईंवर, मग आजोबांवर, मग पुण्याला जाऊन बसलेल्या काकांवर. ते शुक्रवारी परतल्याचं कळलं तशी मी शनिवारी सकाळी स्कूटर काढली आणि बनी पार्क गाठलं. मला भांडायचं होतं. भांडून झालं की मला बरं वाटतं.

काका पाय स्टुलावर लांब करून बसले होते. मांडीवर माझं पत्रक, हातात लाल पेन.

“या पुढारीबाई,” ते म्हणाले. “वाचलं तुमचं. गुडघ्यापेक्षा हेच जास्त ठणकलं.”

चेष्टा नंतर करा, असं म्हणून मी सगळी हकिगत सांगितली. काकांनी पत्रक माझ्यापुढे धरलं. मथळ्याखाली लाल रेघा होत्या.

“विचार यांना, गाव कोणतं,” ते म्हणाले. “इंग्रजी. इंग्रजांचं हे नाव आपण पोर्तुगिजांच्या तोंडून उचललं. गुलामी, मूळ अरबी. बंद, फारसी. खाली तुझं ‘फक्त’, तेही अरबी. राहिली कोण? मधली ‘ची’. तिनं एकटीनं एवढी लढाई कशी लढायची?”

मला हसू आलं नाही. मी म्हणाले, ते शब्द कधीचे मराठी झालेत. ते म्हणाले, “तेच म्हणतोय. पोरीच्या शब्दाला तू दारातच कायमचा पत्ता मागितलास. बरं, तुझ्या लाडक्या पॅम्फ्लेटचं गाव ठाऊक आहे?”

नव्हतं. सात वर्षं मी ज्या कागदावर जगतेय त्याचं गाव मी कधी विचारलं नव्हतं. काकांनी सांगितलं. काही शतकांपूर्वी लॅटिनमधली एक छोटीशी प्रेमकविता लोकांना इतकी आवडली, हातोहात इतकी फिरली, की पुढे तसल्या कुठल्याही चिमुकल्या चोपडीला लोक तिच्याच नावानं ओळखू लागले. नाव झिजत झिजत पॅम्फ्लेट झालं. म्हणजे माझ्या प्रत्येक संतापी कागदाची पणजी एक प्रेमकविता. मला ते अपमानासारखं लागलं.

मग त्यांनी तो उशीएवढा शब्दकोश माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, जिथे तिला उभी केलीस, तिथून सुरुवात कर. विंडो काढ.

मी काढला. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या जुन्या भाषेतून आलेला जोडशब्द. वारा आणि डोळा. वाऱ्याचा डोळा.

मी ते परत वाचलं. मग परत. लहानपणी विंडोचं स्पेलिंग माझ्याकडून दहा-दहा वेळा गिरवून घेतलं होतं; त्यात डोळा आहे, वारा आहे, हे एकाही बाईनं सांगितलं नव्हतं. कुणी तरी, कधी तरी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, धुरानं कोंडलेल्या घराला भोक पाडलं. वारा आत आला, उजेड आत आला, आणि त्या माणसाला वाटलं की आपल्या आंधळ्या घराला डोळा फुटला. तो माणूस गेला, त्याचं घर गेलं, त्याची भाषा बोलणारे गेले. पण त्याला जे वाटलं ते मानसरोवरातली प्रत्येक आई रोज सकाळी ‘विंडो उघड’ म्हणताना बोलते. कुणाच्या गावीही नाही.

“थांबू नकोस,” काका म्हणाले. “आपल्याकडे खिडकीला जुना शब्द काय? गवाक्ष. फोड कर.”

गो आणि अक्ष. गायीचा डोळा. त्या बर्फातल्या माणसाची आणि आपल्याकडच्या माणसाची गाठ पडलेली नाही. कुणी कुणाचं ऐकून म्हटलेलं नाही. दोघांनी आपापल्या भिंतीकडे पाहिलं आणि दोघांना डोळाच दिसला.

त्यानंतर मी तासभर तिथून उठले नाही. डेझी हे फूल म्हणजे दिवसाचा डोळा, कारण ते सकाळी उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. मसल म्हणजे छोटा उंदीर, दंड फुगवला की कातडीखाली पळतो तो. पेन्सिल म्हणजे छोटीशी शेपटी. मुंगूस तर आपल्याच मुलखातून उठून इंग्रजीत गेलेलं. मी पानं उलटत होते आणि मला वाटत होतं की आपण आजवर कुलपं लावलेल्या बाजारातून चालत होतो आणि आज प्रत्येक दुकान उघडतंय. मग मी कॅटॅरॅक्ट काढला. ग्रीकांचा शब्द, वरून खाली कोसळणारं काही. धबधबा. किंवा किल्ल्याच्या दरवाजात वरून सोडायचा लोखंडी पडदा. त्यांना डोळ्यावर पडदा कोसळलेला दिसला, आपल्याला त्यात मोती दिसला.

त्या मुलीनं माझ्याकडे हे सगळं आणलं होतं, आणि मी तिला उभी केली होती.

शेवटी काकांनी मला प्युपिल काढायला लावला. डोळ्यातला तो काळा ठिपका. लॅटिनमध्ये अर्थ, छोटी बाहु– पण थांबते. तो अर्थ तेव्हा त्यांनी इंग्रजीतच वाचून दाखवला, आणि मी विचारलं, या काळ्या ठिपक्याला मराठीत काय म्हणतात? मला फक्त हिंदीतली पुतली येत होती.

“मला येतं,” काका म्हणाले. “पण तुला सांगणार नाही. वर्गातही सांगणार नाही. उद्या हा शब्द त्या पोरीनंच विचारायचा, आणि ज्याला विचारायचा त्यालाच.”

तिथून मी मुद्दाम जुन्या शहरातून गेले. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला हवामहल दाखवून दाखवून मला त्याचा वीट आला होता; कित्येक वर्षांत मी मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी स्कूटर बाजूला लावली. शेकडो खिडक्या. सगळ्या वाऱ्यासाठी, आणि सगळ्या आतून बघण्यासाठी. मागून एक रिक्षावाला ओरडला, मॅडमजी, रस्त्यात फोटो नका काढू. माझ्या हातात फोन नव्हताच. मी नुसती बघत होते.

घरी जाऊन मुलीच्या आईला फोन केला. चूक कबूल केली आणि एक रविवार मागितला. एकच, त्या म्हणाल्या, तेही काका आलेत म्हणून.

ती आली. मागे बसली, ओठ घट्ट. आई दाराशी उभी. काका खुर्चीत, पाय स्टुलावर. मी हजेरीची वही घेतली आणि ती जिथे उभी होती तिथे, खिडकीजवळ जाऊन उभी राहिले. म्हणाले, आज आधी माझी हजेरी. माझा शब्द, विंडो.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एकानं भिंतीवरच्या पत्रकाकडे बोट केलं. “ताई, आता तुम्ही उभं राहायचं.”

“उभीच आहे,” मी म्हणाले. “विचारा.”

“गाव कोणतं?” लंडन झालं, अमेरिका झालं, कुणी तरी मुद्दाम मानसरोवर म्हणालं. मी वाऱ्याचा डोळा सांगितला. गवाक्ष सांगितला. पुढच्या बाकावरची एक म्हणाली, “मतलब, हवामहल सगळा डोळ्यांचाच आहे?” मी म्हणाले, हो, मलाही कालच कळलं. आणि मग जे तीन आठवड्यांपूर्वी म्हणायला हवं होतं ते म्हणाले. त्या मुलीकडे बघून म्हणाले, की तू कॅटॅरॅक्ट आणलास तेव्हा मला त्याचा मराठी शब्द नक्की येत नव्हता. म्हणून मी तुला उभं केलं. शब्द चुकीचा नव्हता.

तिचे ओठ सुटले. मग अगदी हळू म्हणाली, “त्याचं गाव कोणतं?”

मी ग्रीस सांगितलं, धबधबा सांगितला, मोतीबिंदू सांगितला. तिनं विचार केला. “मोती तर चांगला असतो. मग काढतात कशाला?” मला याचं उत्तर आलं नाही आणि मी तसं सांगून टाकलं. सोपं होतं, सवय झाली की.

काकांनी मग प्युपिल काढला. विज्ञानाच्या पुस्तकात आहे, सगळ्यांना माहीत होता. मराठीत काय, विचारलं तर कुणालाच येईना. काका म्हणाले, ज्याला हमखास येत असेल अशा माणसाला विचारा. मुलीनं दाराकडे पाहिलं. आईनं तोवर फोन लावलासुद्धा होता, आणि स्पीकरवर टाकून तिच्या हातात दिला.

पलीकडून म्हातारा आवाज आला, “कोण गं? बोल की.”

ती गप्प. खिडकीतून कबुतरांचा आवाज येत होता तेवढाच. 

“आजोबा,” ती म्हणाली, “आँख में जो… डोळ्यात ते काळं असतं ना, गोल, त्याला काय बोलतात?”

“त्याला व्हय? बाहुली म्हणत्यात.”

“बाहुली? मतलब डॉल?”

“खेळायची बाहुली, तीच. कुणाच्या बी डोळ्यात जवळनं बघ. आपण दिसतो आत. येवढंसं. बाहुलीवानी.”

मी काकांकडे पाहिलं. त्यांनी शब्दकोशावर नुसतं बोट ठेवलं. लॅटिनमध्ये छोटी बाहुली. लॅटिन बोलणाऱ्यांनीही कुणाच्या तरी डोळ्यात इतकं जवळून पाहिलं होतं. साताऱ्याच्या या म्हाताऱ्याला लॅटिन कशाशी खातात हे माहीत नाही, आणि तो त्यांच्याच तोंडचं बोलत होता. 

पुढे दहा मिनिटं त्या दोघांचंच चाललं. तिनं त्यांना वाऱ्याचा डोळा सांगितला, अर्धा हिंदीत. त्यांनी तीनदा विचारलं, काय म्हणालीस. हसले. मग तिनं एकदम विचारलं, “तुम्ही गुरुवारी जाणार ना?”

“जातो,” ते म्हणाले. “उजवीकडच्या बाहुलीवर लई धूळ बसलीया. धुऊन आणतो.”

आजोबा ऑपरेशनला गेले. गुरुवारी दुपारी मुलीच्या आईचा एका ओळीचा निरोप आला: झालं, बरं आहे, चहा मागतायत.

पत्रक मी फाडायला निघाले होते. काकांनी फाडू दिलं नाही. लाल रेघांची प्रत त्यांनी हजेरीच्या वहीत चिकटवली आणि खाली गाव लिहिलं: पोर्तुगाल, अरबस्तान, इराण, मुक्काम जवाहर नगर.

पुढच्या रविवारी ती मुलगी वर्गात सगळ्यांच्या आधी आली. आजोबा काळा चष्मा लावून समोरच्या घराची कौलं मोजतायत, असं तिनं सांगितलं. मग माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, डोळे उघडे ठेवा. हलू नका.” तिचं नाक माझ्या नाकाला लागेल इतकी ती जवळ आली. माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, न मिटल्यामुळे.

“दिसतेय का?” मी विचारलं.

“थांबा ना,” ती म्हणाली. “बोललात की ती हलते.”

मी बोलले नाही.